दार लावून काय करतेस?

लग्नात, बारशात, भाजीवाल्यापाशी, जिथे जाईन तिथे प्रश्न तोच: "दिवसभर एकटीच घरात? वेड नाही लागत?" आणि त्याच तोंडाने लगेच, "बरंय बाई तुझं, घरबसल्या पगार." तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच काय ते सांगते.

माझं काम मेडिकल कोडिंगचं. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद वाचायचे आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराला, जखमेला ठरलेला कोड लावायचा. त्यावर तिथली विमा कंपनी पैसे देते. बदकाने धडक दिली तर त्यालाही कोड आहे, चेष्टा नाही. रोज ठरलेल्या फाइली संपवायच्या, अचूकता ९५ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही. आणि रुग्णाची माहिती तिसऱ्याच्या नजरेला पडता कामा नये. १९९६ चा तिथला कायदाच आहे त्यासाठी. तेव्हा "वाचनालयात जाऊन बसत जा", "लॅपटॉप घेऊन आमच्याकडे ये" असले सल्ले मला देऊ नका. दार बंद लागतंच. हौस नाही, अट आहे.

२०२० च्या मार्चमध्ये इस्लामपुरात रुग्ण सापडले, पाठोपाठ सगळंच बंद झालं आणि माझी नोकरी सांगलीतल्या या दोन खोल्यांत आली. तेव्हा मी लोकांना शिकवत फिरायचे, फोनवरूनच. सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा ड्रेस घालायचा, जेवणाची वेळ पाळायची, पलंगावर बसून काम करायचं नाही. खोटं नाही त्यात काही. अजूनही मी ते सगळं करते. पण त्याने शहाणपण टिकतं असं जे मी छातीठोक सांगायचे, ते आता सांगत नाही.

२०२१ च्या जुलैत पाणी चढायला लागलं. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी नदीकाठच्या गावभागाने पाहिलं होतं, त्यामुळे यावेळी तिथे राहणाऱ्या काका-काकूंनी वाट बघितली नाही. धान्याचे डबे माळ्यावर चढवले, देव पिशवीत घातले आणि विश्रामबागेत माझ्याकडे आले. चुलतभाऊ, वहिनी, दोन पोरं बरोबर. आमचा भाग उंचावर, वीज होती, इंटरनेटही होतं. म्हणजे रजा मागायला तोंड नव्हतं.

काका कॉटवर मोबाइल घेऊन: "आयर्विनला किती झालं? कोयनेतनं किती सोडलं?" इशारा ४० ला, धोका ४५ ला, हे आमच्याकडे पोरांनाही पाढ्यासारखं पाठ. पाणी ५४ च्या आसपास पोचलं, तेव्हा बाहेर कोणती भिंत कुठवर भिजली असेल याचा अंदाज चालला होता आणि मी आत कुणाच्या तरी न्यूमोनियाला कोड लावत होते. टकटक, चहा. टकटक, चार्जर आहे का? मग काकू, काहीच काम नसताना: "दार लावून काय करायलीस गं? ये की, बस जरा." काम आहे म्हटलं. ती म्हणाली, "आमचं घर पाण्यात आहे." रागाने नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं. मी बाहेर येऊन तिच्याशेजारी बसले. तिने माझा हात हातात घेतला आणि मी मनात उरलेल्या फाइली मोजत राहिले.

पाणी उतरलं. आम्ही सगळ्यांनी मिळून चिखल उपसला, भिंती धुतल्या, पंचनाम्याची वाट बघितली. त्यांचं सामान हलवायच्या दिवशी काकूने माझ्या ओट्यावरचं फडकं पिळून वाळत घातलं आणि म्हणाली, "तुला आता माणसं नकोशी झालीत." मी नाही नाही म्हणाले. ते गेले, मी कडी घातली आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्या आठवड्यात फाइली कधी नव्हे इतक्या झाल्या, तपासणीत एक चूक निघाली नाही, टीम लीडरने सगळ्यांसमोर कौतुक केलं. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा पुरावा म्हणून ते कौतुक मी पुढे कितीतरी दिवस लोकांना ऐकवत होते. खरं तर माझं काही बिनसलं असेल तर त्याच आठवड्यात. काम उत्तम चाललंय म्हणजे माणूस ठीक आहे, असं तुम्ही धरून चालता. मीही चालायचे.

तेव्हाची मी म्हणेल, दोन खोल्यांत एवढी माणसं कोंबल्यावर कुणीही वैतागेल. बरोबर आहे तिचं. पण काकूचंही मला खोडता येत नाही.

आमच्या कोडांत एक झेड ६०.२ आहे: एकटं राहण्यामुळे येणाऱ्या अडचणी. नियम असा, की रुग्ण एकटा राहतो एवढ्यावर तो लावायचा नाही. त्यातून काही अडचण उभी राहिल्याची नोंद हवी. तुम्ही मला तो भाजी निवडता निवडता लावून मोकळे होता, म्हणून चिडते मी. आणि कोडरने स्वतःच्या मनाने नोंद करायची नसते, हाही नियमच. सोयीचा आहे खरा.

पोळ्या मला येतात, तरी दुपारी कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणते. उशीर झाला तर तिथल्या मावशी विचारतात, "आज कुठं अडकलीस?" पुढे बोलणं नाही. तेवढं मला पुरतं. कधीकधी पुरत नाही.

पुरात आलेल्या त्या पोरांतली थोरली आता हाच कोर्स करतेय. तिने परवा विचारलं, "आत्या, कसं जमतं गं तुला?" मी म्हटलं, आधी ऑफिसातली नोकरी बघ, चार माणसांत बस. दुसऱ्या दिवशी आपणहून फोन करून सांगितलं, घरून मिळत असेल तर सोडू नकोस. ती म्हणाली, "एक काय ते सांग की." मी म्हटलं, सांगते, आधी तुझी परीक्षा होऊ दे.