आमची वाटचाल : एका गाडीबदलीची रात्र

आमच्याकडे लांब पल्ल्याच्या घरसामानाची गाडीबदली, म्हणजे वाटेत सामान एका ट्रकमधून दुसऱ्यात टाकणं, होत नाही. एकदा भरलेला ट्रक ज्या दारात रिकामा व्हायचा, तिथेच रिकामा होतो. गिऱ्हाईक विचारतं, मग बाकीचे लोक इतक्या कमी भाड्यात कसे नेतात? गाडीबदली करतात म्हणून. आम्हीही एकदा केली होती.

धंदा सुरू केला दोघांनी. लाकडी फाळक्यांचा एक जुना ट्रक, दोन ताडपत्र्या, दोराची वेटोळी आणि घोंगड्यांचा ढीग. भागीदार ऑर्डरी आणायचा, भरणी मी बघायचो. खरं तर भरणीतला त्याचा हात माझ्यापेक्षा सरस होता. कपाट आणि वॉशिंग मशीन यांच्यामध्ये राहिलेल्या वीतभर फटीत नेमकं काय बसेल, हे तो लांबून सांगायचा. जड सामान केबिनच्या भिंतीला आणि खाली, काचेचं काहीही मागच्या चाकांच्या पुढे, कारण सगळ्यात जास्त उसळतो तो ट्रकच्या हौद्याचा मागचा भाग. हे मी त्याच्याकडूनच शिकलो.

पहिली पाच वर्षं बरी गेली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

सहाव्या पावसाळ्यात एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं घर हलवायचं होतं, एकूण ५३ नग. बाईंनी प्रत्येक खोक्याच्या दोन बाजूंवर नंबर आणि खोलीचं नाव लिहून ठेवलं होतं. वर कधीच नाही, कारण एकावर एक खोके रचले की वरचं दिसत नाही. यादीची एक प्रत त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. इतकी नेटकी यादी मी तोवर पाहिली नव्हती.

गाडी निघाली आणि भागीदाराला वाटेतल्या गावाहून परतीचं भाडं मिळालं. मला न विचारता त्याने ड्रायव्हरला फोन केला : सामान गोदामापाशी दुसऱ्या ट्रकमध्ये टाक आणि माघारी ये. रात्री दोन वाजता, पावसात, अनोळखी हमालांच्या हातून बाईंचा संसार एका गाडीतून दुसरीत गेला. यादी आमच्या ड्रायव्हरच्या खिशातच राहिली. दुसऱ्या ट्रकची ताडपत्री कडेला फाटलेली होती आणि दोर नुसता वरून टाकलेला होता.

पुठ्ठा भिजला की त्याचा जीव जातो, मग तो तीन प्लाय, म्हणजे तीन थरांचा, असो की पाच. सगळ्यात खालची रांग बसली, वरची तिच्यात घुसली. गादी प्लास्टिकमध्ये बांधलेली होती, पण टोक उघडं राहून पाणी आत गेलं आणि आतच राहिलं. पोचेपर्यंत तिला वास मारत होता. फ्रीज आडवा. फ्रीज आडवा झाला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं, उभा करून तसाच काही तास ठेवावा लागतो. तिथल्या माणसाने उभा केला आणि लगेच बटण दाबलं. पाच मिनिटांत आवाज बंद.

आणि एक खोका कमी, २७ नंबरचा. त्यात बाईंना विद्यार्थ्यांनी लिहिलेली पत्रं होती.

भागीदाराने बिल्टी, म्हणजे मालाची पावती, उलटी करून बारीक अक्षरातली ओळ दाखवली : माल मालकाच्या जोखमीवर. मी त्याला म्हणालो, अरे, त्या ओळीवर आपण गिऱ्हाइकाची सही घेतो, तेव्हा त्यांना ती वाचून दाखवतो का? तो महिनाभरात वेगळा झाला. आमची चार चांगली पोरं आणि गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला. भरपाई मी दिली, त्यासाठी ट्रक विकला. सात महिने भाड्याच्या गाड्यांवर काढले. त्या दिवसांत माझ्याकडे स्वतःचं असं फक्त दोर आणि घोंगड्या उरल्या होत्या.

दोन वर्षांनी बाईंचा फोन आला. पुन्हा घर बदलायचं होतं, आणि विचारणा एकच : "भाऊ, रात्री गाडीबरोबर कोण असेल?" मी केबिनमध्ये बसून गेलो. पहिल्या ५० किलोमीटरनंतर गाडी थांबवली आणि सगळे पट्टे पुन्हा आवळले. हे मी आज प्रत्येकाला सांगतो. हादऱ्यांनी सामान आपसूक खाली बसतं, निघताना ताठ असलेला पट्टा तासाभरात ढिला पडतो. दोराऐवजी रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे, पट्टे मी त्या गाडीबदलीच्या रात्रीनंतरच घेतले. आणि पॉलिश केलेल्या लाकडावर बबल रॅप थेट गुंडाळू नका. उन्हात तापलेल्या हौद्यात बुडबुड्यांचे वण उमटतात. आधी मऊ कापड, मग बबल. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे ड्रम अडकवायचे बोल्ट कंपनी देते, ते फेकू नका. पुस्तकं लहान खोक्यातच भरा. बाईंनी यादीवर एकेक खूण करत ४८ नग मोजून घेतले. त्यानंतर त्यांच्या दोन्ही मुलांची आणि एका शेजाऱ्यांची घरं आम्हीच हलवली.

भागीदाराचा धंदा माझ्यापेक्षा मोठा झाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या फलकावर लिहिलं आहे, "१५ वर्षं, एकही नग गहाळ नाही." त्या १५ वर्षांत आमची भागीदारीतली वर्षं मोजलेली आहेत, म्हणजे ती रात्रही त्यात येते. २७ नंबरचा खोका अजून सापडलेला नाही.