पैसे परत केले होते, मग सांगितले कशाला?

लग्नात, मयतीला, तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर, जिथे म्हणून आपल्या ख्रिस्ती मंडळीतले कोणी भेटते तिथे हा प्रश्न येतोच. मंडळीचे चौदा हजार रुपये तुम्ही घेतले हे खरे, पण ते तुम्हीच परत टाकले होते, कोणाला कानोकान खबर नव्हती, देवाजवळ क्षमाही मागून झाली होती. मग भर उपासनेत उभे राहून स्वतःची आणि घरच्यांची अब्रू घालवायची काय गरज होती? आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देत आलो आणि विचारणाऱ्याचे कधी समाधान झाले नाही, म्हणून आता लिहूनच सांगतो.

2017 चा हंगाम तुम्हाला सांगायला नको. गुलाबी बोंडअळीने माझी चार एकर कोरडवाहू कपाशी खाल्ली, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर होती आणि कापणीच्या सणाच्या लिलावाचे पैसे माझ्या कपाटात होते, कारण मंडळीचा खजिनदार मीच होतो. मी ते उसने म्हणून घेतले, आणि 'उसने' या एका शब्दाच्या आधाराने दीड वर्ष काढले. प्रार्थनागृहाचे पत्रे बदलले होते, त्याचे बिल फुगवून वहीत लावले. पुढे तूर विकून, मजुरी करून, शंभर-दोनशे करत सगळी रक्कम दानपेटीत टाकली. 2019 च्या ईस्टरला शेवटचे पाचशे टाकले तेव्हा हिशेब मिटला असे मला वाटले.

पण मधल्या काळात, 2018 च्या पावसाळ्यात, मंडळीतल्या एका तरुणाने दानाच्या थैलीतून दोनशे रुपये काढले आणि तो पकडला गेला. मंडळीच्या पंचांनी त्याला सहा महिने प्रभुभोजनापासून, म्हणजे उपासनेतल्या भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीपासून, दूर ठेवण्याचा ठराव केला. अनुमोदन माझे होते, आणि ठराव वहीत आहे तोही माझ्याच अक्षरात. 'देवाच्या पैशाला हात लावणाऱ्याला सवलत दिली, तर उद्या मंडळीत कोण कोणाला बोलणार?' असे मी त्या बैठकीत म्हणालो होतो. माझा आवाज थरथरला नाही. मनात नसलेले तोंडाने बोलणे म्हणजे ढोंग, अशी तोवर माझी समजूत होती. पण मी जे बोलत होतो ते मला अगदी मनापासून पटत होते, आणि त्या आठवणीने मला आजही भीती वाटते.

2019 च्या जुलैतला पहिला रविवार होता, प्रभुभोजन होते आणि बाहेर मुसळधार पाऊस लागला होता. प्याल्यांचा ट्रे घेऊन मी शेवटच्या रांगेपर्यंत गेलो. त्या तरुणाची शिक्षा केव्हाच संपली होती, तरी तो दर वेळी तसाच बसून राहत असे. मी ट्रे त्याच्यापुढे धरला, तेव्हा त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि हळूच म्हटले, 'नको मामाजी, माही लायकी नाही.' ट्रे माझ्या हातात हलला आणि काचेचे प्याले एकमेकांवर किणकिणले. मी टेबलापाशी आलो, ट्रे ठेवला आणि पाळकसाहेबांना न विचारता बोलू लागलो. त्याच नव्या पत्र्यांवर पाऊस इतका वाजत होता की माझे बोलणे कोणाला ऐकूच गेले नाही. मागून कोणीतरी 'काय म्हणाले?' असे विचारले. त्या क्षणी 'काही नाही' म्हणून खाली बसता आले असते. मी पुन्हा, ओरडून सांगितले: रक्कम, वर्ष, बिल, ठराव, सगळे. पापकबुली खालच्या आवाजात असते अशी माझी कल्पना होती; ओरडताना रडायलाही जागा उरली नाही.

आणि मग बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसलेली माझी पत्नी मला दिसली. तिला यातले काहीही माहीत नव्हते. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. तिने वर पाहिले नाही. छत्री तिथेच ठेवून ती चिखलातून एकटी घरी गेली आणि तिसऱ्या दिवशी एवढेच बोलली, 'मले घरी काहून नाही सांगतलं? तुमचं वझं उतरलं, अन् थे माह्या डोक्शावर आलं.' शास्त्रात आपली पापे पदरी घेण्याची, म्हणजे कबूल करण्याची, भाषा आहे. मी माझे पाप तिला न विचारता तिच्या पदरात टाकले. ठरवून, तिला सांगून उभा राहायचे म्हटले असते तर उभा राहिलोच नसतो, असे मी स्वतःला समजावतो; ते खरे असेलही, पण त्याने तिचे काही फिटत नाही.

देवाजवळ कबूल केले की पुरे, असे म्हणणाऱ्यांना मी बायबलमधले गणना 5:7 वाचायला सांगतो: आधी कबुली, मग पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा. मी सुरुवात गाळून नुसती भरपाई केली होती. पाचव्या हिश्शाचे दोन हजार आठशे नंतर भरले. याकोबाच्या पत्रातही पातके 'एकमेकांजवळ' कबूल करा असे आहे. हे आपल्यातले नाही, कॅथलिकांचे आहे, असे काही जण म्हणतात. त्यांचे पापनिवेदन धर्मगुरूजवळ एकांतात होते. चारचौघांतली कबुली म्हणाल तर 1905 साली केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या जागृतीत, मुली मोठ्याने रडत आपली पापे सांगत होत्या. पण माझे खरे उत्तर या वचनांत नाही. मी पैसे परत केले होते. तो चोर आहे आणि मी नाही, हा जो समज मी त्या मुलाच्या मनात बसवला होता, तो परत घेतलेला नव्हता. तो दानपेटीत टाकता येत नाही.

आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागात, वरची काळी माती पाहून खालच्या पाण्याचा पत्ता लागत नाही, म्हणून मी आता कोणाच्या चांगुलपणाची ग्वाही देत नाही, माझ्याही नाही. मला पंचपदावरून काढले, ते योग्यच झाले. त्या मुलाविरुद्धचा ठराव रद्द करा, अशी विनंती मी केली; दोनशे रुपये त्याने घेतलेच होते, असे पंच म्हणाले, आणि तेही खोटे नाही. तो आता जिनिंगवर कामाला आहे, कधीमधी उपासनेला येतो, पण प्याला घेत नाही. मी उशिरा बोललो म्हणून, की बोललो म्हणून, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.

पत्नी आता दर शनिवारी रात्री दिवा मालवण्याआधी विचारते, 'उद्या काही सांगाचं असन त आज सांगा.' गेल्या शनिवारी मी तिला एक गोष्ट सांगितली. ती मी इथे लिहिणार नाही.