तात्यांच्या पोटावरची गाठ

खानापूरकडचे एक तात्या आमच्या शुगरच्या दवाखान्यात यायचे, सकाळच्या पहिल्या बसनं. मी तिथं सिस्टर आहे. शुगर कधी ३२०, कधी ७०, काही मेळच नाही. इन्सुलिनचा डोस वीस युनिटवरनं चौतीसवर गेला तरी तेच, आणि आम्ही सगळे भाताला आणि कुंद्याला, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईला, शिव्या घालत बसलो, तात्या बिचारे शपथ घेऊन सांगायचे की कुंदा दिवाळीनंतर बघितलाच नाही.

त्या दिवशी गर्दी कमी होती म्हणून म्हटलं तात्या, शर्ट वर करा बघू. डोळ्याला काही दिसलं नाही, पण बोटं फिरवली तर बेंबीच्या उजवीकडं लिंबाएवढा रबरासारखा फुगवटा! "इथंच टोचता काय रोज?" तर म्हणाले, "व्हय की, तिथं दुखतच नाही." आता दुखत नाही कारण चरबी साठून ती जागा बधिर झालेली, आणि त्याच गाठीत इन्सुलिन कधी अडकतं, कधी एकदम सुटतं. सुईपण एकच आठ-आठ दिवस वापरायचे.

मी शहाणपणानं सांगितलं, आजपासून डावीकडं टोचा, रोज एक बोट सरकून, बेंबीपासनं दोन इंच लांब, मग मांडी. तात्या शेतकरी, लगेच म्हणाले, "म्हणजे हे रान पडीक टाकायचं." मला एवढं आवडलं ते की त्या नादात डॉक्टरांना गाठीचं सांगायचंच राहिलं. डोस चौतीसच राहिला.

रात्री अकराला सुनेचा फोन. मामंजी घामानं भिजलेत, बोलतात ते कळत नाही, मशीनवर ५४. गिळता येतंय का विचारलं, येतंय म्हणाली, मग तीन चमचे साखर पाण्यातनं द्यायला लावली, पंधरा मिनिटं फोन चालूच ठेवला. परत तपासलं तर ९२. वर चपाती खायला घातली. चांगल्या जागेवरनं अख्खं चौतीस युनिट लागलं होतं हो! सकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं, ओरडा खाल्ला, बरोबरच होता. डोस खाली आणला.

पुढच्या खेपेला तात्यांनी खिशातनं कॅलेंडरचा कागद काढला, रोजच्या तारखेवर पेन्सिलनं "डा", "उ मांडी" असं लिहिलेलं. मी पोट चाचपलं, गाठ अजून होती, जराशी मऊ.

"पडीक हाय अजून," तात्या म्हणाले.