टेस्ट केस शेअर करायची तर आधी तिच्यातल्या स्टेप्स काढा

बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांत टेस्ट केसेसचा (ॲप नीट चालतं का हे तपासायच्या लिखित पायऱ्यांचा) तुटवडा नसतो. टेस्टरेलमध्ये, जिरामध्ये, नाहीतर शेअर्ड ड्राइव्हवरच्या एखाद्या एक्सेलमध्ये त्या हजारोंनी पडलेल्या असतात. पण शेजारच्या प्रोजेक्टची शीट उघडून त्यातलं काही आपल्याकडे वापरणारा टेस्टर क्वचितच दिसतो. हा आळस नाही. शीट वाचली की कळतं, तिच्यात उचलून नेण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. 'लॉगिन करा, प्रोफाइलवर क्लिक करा, नाव टाका, सेव्ह दाबा. अपेक्षित: नाव सेव्ह व्हावं.' बटण हललं की ही केस बाद, आणि दुसऱ्या ॲपमध्ये तर तिचा पहिल्या दिवसापासूनच उपयोग नाही. कोणतं नाव टाकायचं, हा खरा प्रश्न मात्र टेस्टरवर सोडून दिलेला. मग कोणी 'टेस्ट' टाकतं, कोणी 'एबीसी'. मराठी चालतं का बघायचं असेल तर 'कमल' टाकतात. पास.

'कमल' हा टेस्ट डेटा म्हणून निरुपयोगी शब्द आहे. तिन्ही अक्षरं सुटी, काना-मात्रा नाही, जोडाक्षर नाही. डेव्हलपरने 'फक्त अक्षरं चालतील' म्हणून रेगेक्समध्ये (काय टाइप करू द्यायचं ते तपासणाऱ्या नमुन्यात) युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाचा, लेटर हा वर्ग लिहिलेला असेल, तर कमल आरामात पुढे जाते आणि 'राम' अडतो. युनिकोडच्या लेखी काना हे अक्षर नाहीच, तो मार्क या वेगळ्या वर्गात येतो. वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह, सगळी त्याच वर्गात. म्हणजे 'मदन' आणि 'कमल' यांच्यावर तपासलेला फॉर्म लाइव्ह गेला की महाराष्ट्रातली बहुतेक नावं नाकारतो. दुसऱ्या टीमला द्यायची गोष्ट इतकीच आहे: 'राम' हा डेटा आणि त्यामागचं हे कारण. स्टेप्स ज्याच्या त्याच्या. अशा ओळींची एक यादी करायची आणि तीच शेअर करायची.

नावाच्याच फील्डवर थोडं थांबू, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त पुन्हा वापरता येणारा माल इथेच आहे.

'ज्ञानेश्वर' घ्या. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ती दहा चिन्हं आहेत. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे तीस बाइट. आणि 'वापरणाऱ्याला दिसणारी अक्षरं' मोजणाऱ्या लायब्ररीला विचारलं तर जुनी लायब्ररी सहा सांगेल, नवी चार. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. एका नावाच्या लांबीची चार उत्तरं, आणि फ्रंटएंड, एपीआय, डेटाबेस नि एसएमएस हे सगळे एकच उत्तर धरून चालतील याची काहीच हमी नाही. ओरॅकल डेटाबेसमध्ये ३० लांबीचा व्हारचार-टू (मजकुराचा) कॉलम वेगळं काही न सांगता बनवला तर ते ३० मूळ सेटिंगप्रमाणे बाइट असतात. त्यात 'ज्ञानेश्वर' बरोब्बर मावतो आणि 'ज्ञानेश्वरी' तीन बाइटनी अडते. बाउंडरी व्हॅल्यू (मर्यादेच्या अगदी काठावरचा डेटा) म्हणून ही जोडी यादीत कायमची ठेवावी अशी आहे. स्क्रीनवर '३० अक्षरांपर्यंत' असं लिहिलेलं असताना अकरा चिन्हांचं नाव का नाकारलं, हे सपोर्टवाल्याला सापडायला दिवस जातो.

मायएसक्यूएल डेटाबेसवाल्यांसाठी एक ओळ वेगळी हवी. तिथलं जुनं 'यूटीएफ८' तीन बाइटपर्यंतच साठवतं. देवनागरी त्यात बसते, इमोजी बसत नाही. मराठी चाललं म्हणजे युनिकोड चाललं, असा निष्कर्ष काढू नका.

आता 'गोऱ्हे'. हे आडनाव तीन प्रकारे टाइप होतं आणि स्क्रीनवर तिन्ही सारखीच दिसतात. एकात नुक्ता असलेला तयार ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१), एकात साधा र आणि सुटा नुक्ता (०९३० ०९३सी), आणि एकात साधा र, पाय मोडायचं चिन्ह आणि त्यामागे अदृश्य जोडणारं चिन्ह (२००डी). कोणता कीबोर्ड काय पाठवेल हे तुमच्या हातात नाही. डेटाबेसमध्ये टाकण्याआधी एनएफसी नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या चिन्हांनी लिहिलेलं तेच अक्षर एकसारखं करणं) केलं तर पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही. आणि कोणी शहाणपणाने 'अदृश्य चिन्हं काढून टाका' असं फंक्शन लिहिलं असेल तर तिसऱ्या प्रकारातलं २००डी उडतं आणि कागदावर 'गोर्हे' छापून येतं. 'ॲड.' आणि 'अॅड.' यांचंही असंच आहे: एकात ॲ हे एकच चिन्ह, दुसऱ्यात अ वर वेगळा चंद्र, आणि या दोघांना एनएफसीसुद्धा एक करत नाही. वकिलांच्या यादीत अर्धे सापडतात, अर्धे नाहीत.

अशी ओळ यादीत कशी लिहायची, ते सरळ दाखवतो.

ओळख: नाव-०७
डेटा: गोऱ्हे, वरच्या तिन्ही एन्कोडिंगमध्ये, प्रत्येकाचे कोडपॉइंट (युनिकोड क्रमांक) लिहून
कुठे: नाव, आडनाव, गाव, जिथे नंतर शोध होतो असं कोणतंही फील्ड
अपेक्षित: तिन्हीपैकी कसंही टाकून शोधलं तरी तीच नोंद सापडावी, छापताना रफार होऊ नये
कारण: तीन कीबोर्ड, तीन एन्कोडिंग, एनएफसी फक्त दोन एक करतं
लागू नाही: नाव फक्त रोमन लिपीत घेणारे फॉर्म

'कारण' हा रकाना लोक वेळ वाचवायला गाळतात, आणि नेमका त्याच्याशिवाय बाकीचा माल वाया जातो. कारण नसेल तर पुढच्या माणसाला ओळ विचित्र वाटते आणि तो ती काढून टाकतो, किंवा डेटा 'साधा' करून गोऱ्हेचा गोरे करतो. 'अपेक्षित'मध्येही 'एरर यावी' एवढं लिहू नका. एरर यावी की नाही हे प्रत्येक ॲप ठरवेल. सगळ्यांना लागू पडणारा नियम असा: घेतलं तर जसंच्या तसं घ्यावं, नाकारलं तर स्पष्ट सांगून नाकारावं, गुपचूप बदलू नये. आणि हे सेव्ह झालेल्या स्क्रीनवरच बघून थांबू नका. तेच नाव यादीत, शोधात, पीडीएफमध्ये, सीएसव्ही एक्सपोर्टमध्ये आणि एसएमएसमध्ये बघा. पीडीएफ बनवणारी लायब्ररी अक्षरजुळणी करत नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, कारण साठवताना ती अक्षरानंतरच असते, आधी फक्त दिसते. म्हणून यादीत 'शिरीष' असावा. एसएमएस मराठीत गेला की एका मेसेजची मर्यादा १६० वरून ७० वर येते, आणि लांबला तर प्रत्येक तुकड्याला ६७. टेम्प्लेट इंग्रजीत तपासलेलं असेल तर हे बिल आल्यावर कळतं.

(फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतलं 'ज्ञा' हे जोडाक्षर आलं की आयफोनवरची मेसेजिंग ॲप्स बंद पडत होती, ॲपलने आयओएस ११.२.६ मध्ये ते दुरुस्त केलं. जोडाक्षरांच्या ओळी 'नखरे' म्हणून उडवून लावणाऱ्या मॅनेजरना हे सांगायला बरं पडतं.)

बाकीची फील्ड्स पटकन. पिनकोड: सहा आकडी, पहिला अंक शून्य नसतो, राज्य आपोआप भरणारं ॲप असेल तर ४०३००१ टाकाच, कारण '४० म्हणजे महाराष्ट्र' असं लिहिलेलं असेल तर पणजी महाराष्ट्रात येते. आयएफएससी: अकरा चिन्हं, पाचवं नेहमी शून्य, तिथे इंग्रजी ओ टाकून बघा, लोक पासबुकावरून बघून तेच टाकतात. मोबाइल: पुढे शून्य, पुढे +९१, मध्ये स्पेस, व्हॉट्सॲपवरून पेस्ट केलेला नंबर. आणि मराठी कीबोर्डवरचे देवनागरी अंक. पायथॉनच्या रेगेक्समधला 'अंक' देवनागरी अंकही मान्य करतो, जावा आणि जावास्क्रिप्टमधला मूळ सेटिंगला करत नाही. म्हणजे ब्राउझर अडवतो, पण मोबाइल ॲपने तोच नंबर थेट पायथॉनच्या सर्व्हरला पाठवला तर तो सेव्ह होतो, आणि ओटीपी कधीच जात नाही.

तारखा मात्र घाईने उरकू नका. नेहमीचा बग म्हणजे जन्मतारीख एक दिवस मागे जाणं. १ जानेवारी २००० ची मध्यरात्र यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ३१ डिसेंबर १९९९ ची संध्याकाळ ६:३० होते, आणि कोणी वेळ टाकून फक्त तारीख उचलली की वर्षच बदलतं. हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून ते साडेपाच तास मिळवून मोकळे होतात. आता १० जून १९४४ टाकून बघा. युद्धकाळात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत, भारतातली घड्याळं एक तास पुढे होती, आणि टाइमझोन डेटाबेसमध्ये तशी नोंद आहे. साठवताना लायब्ररी साडेसहा तास वजा करते, दाखवताना तुमचा कोड साडेपाचच मिळवतो, आणि आजोबांची जन्मतारीख ९ जून रात्री अकरा होते. पेन्शन आणि विम्याच्या ॲपमध्ये हा बग फक्त युद्धकाळात घड्याळं पुढे असताना जन्मलेल्यांना लागतो. १९९० च्या डेटावर कितीही टेस्ट चालवा, दिसणार नाही. खरा उपाय जन्मतारखेला वेळ न लावण्याचा आहे, पण तो डेव्हलपरशी भांडून मिळवायचा.

लीप वर्षासाठी दोन ओळी: २९ फेब्रुवारी २००८ ला जन्मलेल्याला २०२६ मध्ये अठरा कधी पूर्ण होतात (रिक्वायरमेंटमध्ये बहुधा लिहिलेलं नसतं, विचारा), आणि २९ फेब्रुवारी अधिक एक वर्ष. दुसरी ओळ पुस्तकी वाटते. पण २९ फेब्रुवारी २०१२ ला मायक्रोसॉफ्टची अझ्युर सेवा कित्येक तास अडली ती याच गणिताने: सर्टिफिकेटची मुदत काढताना वर्षात एक मिळवला आणि २९ फेब्रुवारी २०१३ ही नसलेली तारीख तयार झाली.

यादी ठेवायची कुठे? एक्सेलमध्ये नाही. पेमेंट गेटवेच्या चाचणीत सर्रास वापरला जाणारा ४१११ ११११ ११११ ११११ हा कार्ड नंबर स्पेसशिवाय एक्सेलमध्ये आकडा म्हणून टाका. एक्सेल पंधराच आकडे राखतं, सोळाव्याचं शून्य करतं. मग टेस्टर 'व्हॅलिड कार्ड रिजेक्ट होतं' असा बग टाकतो. पुढची शून्यं गळतात, बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंग सांगणारी खूण) नसलेली सीएसव्ही डबल-क्लिक करून उघडली की मराठीचा कचरा दिसतो, आणि ती तशीच परत सेव्ह केली तर डेटा कायमचा गेला. यादी जेसन किंवा यॅमल या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा, प्रत्येक फील्डची एक फाइल. ऑटोमेशनवाले तीच फाइल पायटेस्ट किंवा जेयुनिटच्या पॅरामीटराइज्ड टेस्टला (एकच टेस्ट वेगवेगळ्या डेटावर चालवायच्या सोयीला) देतील, मॅन्युअलवाले तिच्यातूनच कॉपी करतील. अदृश्य चिन्हं एस्केप करून, म्हणजे चिन्हाऐवजी त्याचा क्रमांक देऊन, लिहा, नाहीतर कोणाचा तरी एडिटर ती पुसतो आणि डिफमध्येही (जुन्या-नव्या फाइलच्या तुलनेत) दिसत नाही.

फाइल लहान राहू द्या. नावाच्या फील्डला पंधरा ओळी पुष्कळ झाल्या, त्यातल्या चार 'प्रत्येक बिल्डला' असा टॅग लावून. दोनशे ओळींची फाइल कोणी चालवत नाही. प्रत्येक फाइलला एक मालक हवा, आणि बदल रिव्ह्यूशिवाय मर्ज होऊ नये. कॉपी करून आपापल्या फोल्डरमध्ये नेणं हा या व्यवस्थेचा मृत्यू आहे. महिनाभरात पाच आवृत्त्या होतात आणि नवा बग एकीतच नोंदला जातो. प्रॉडक्शनमध्ये (लाइव्ह ॲपमध्ये) बग सापडला की आरसीएच्या, म्हणजे मूळ कारण शोधायच्या, मीटिंगमध्येच एक प्रश्न विचारा: यादीतल्या कोणत्या ओळीने हा पकडला असता? ओळ असून चालवली नसेल तर टॅग बदला, नसेल तर तिकीट बंद करण्याआधी ती लिहा.

'लागू नाही' हा रकानाही शोभेचा नाही. ४ जून १९९६ ला एरियन ५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत फुटलं. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन ४ वरून आलेलं होतं, आणि आडव्या वेगाशी संबंधित ६४ बिटी आकडा ३२,७६७ च्या वर न जाणाऱ्या १६ बिटी पूर्णांकात घातला जात होता. जुन्या रॉकेटचा वेग तिथवर जात नव्हता, नव्याचा गेला. आणि नव्याच्या उड्डाणमार्गाचा डेटा घालून त्या भागाची टेस्ट झालेली नव्हती. दुसऱ्या टीमकडून ओळी घेताना प्रत्येक आकड्याची मर्यादा आपल्या रिक्वायरमेंटशी लावून बघा. त्यांच्याकडे कमाल रक्कम दोन लाख असेल तर त्यांची १,९९,९९९ आणि २,००,००१ ची जोडी तुमच्याकडे मधल्या कुठल्या तरी दोन रकमा आहेत, बाउंडरी नाही.

कंपनीबाहेर, मीटअपमध्ये किंवा गिटहबवर यादी द्यायची असेल तर क्लायंटच्या स्क्रीनची नावं, यूआरएल आणि बग आयडी आधीच काढलेले असतात, कारण स्टेप्स आपण ठेवलेल्याच नाहीत. उरतो डेटा. त्यात प्रॉडक्शनमधून उचललेलं एकही नाव, पॅन किंवा आधार नको, 'थोडं बदलून' सुद्धा नको. मोबाइल नंबरही मनाने बनवू नका. दहा वेळा नऊ हाही कोणाचा तरी चालू नंबर असू शकतो, आणि तुमच्या लोड टेस्टचे ओटीपी त्याला जातील. एसएमएस गेटवे चाचणीत मॉक करा (खऱ्याच्या जागी नकली लावा) आणि फाइलमध्ये नंबरच्या जागी फक्त त्याचा साचा लिहा, घेणारी टीम स्वतःचे नंबर भरेल.