अलिबाग ते आरे-वारे: भरतीचं गणित आणि किनाऱ्यांचे सापळे

या वेळी आधी तिथी ठरली, राहण्याचं बुकिंग नंतर झालं. मार्गशीर्ष वद्य पंचमीला सकाळी अलिबागला पोचायचं, कारण पहिला टप्पा कुलाबा किल्ला होता. तो किनाऱ्यासमोर समुद्रात आहे, ओहोटीतच चालत गाठता येतो. तिथे आपल्या सोयीने जाता येत नाही, समुद्राच्या सोयीने जावं लागतं. सोबत साठी ओलांडलेली आत्या आणि पाण्याचं वेड असलेली कॉलेजातली दोन भाचरं. म्हणजे काळजी दोन्ही टोकांची.

भरती-ओहोटीचा हिशेब सोपा आहे आणि मुंबई-अलिबागकडच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, पहाटेही साधारण तेव्हाच. मधल्या सव्वासहा तासांवर, म्हणजे सकाळी साडेनऊ-पावणेदहाला पूर्ण ओहोटी. वद्य पक्षातही प्रतिपदेपासूनच मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, दक्षिणेकडे उतरलात की आणखी थोडा फरक पडतो, म्हणून मोबाइलवर त्या गावाचा भरती-ओहोटीचा तक्ता बघून खात्री करावी. पण रेंज नसली तरी कॅलेंडरवर तिथी असतेच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमीच उतरतं. त्या दिवसांत ओहोटी दुपारी बाराला येते, सहलीला सोयीची वाटते, पण पाणी पुरतं उतरतच नाही आणि किल्ल्याकडे गुडघाभर पाण्यातून जावं लागतं.

आम्ही नऊला वाळूत उतरलो. आत्या घोडागाडीत, आम्ही चालत. घोडागाडीवाल्याने उतरवतानाच सांगितलं, "अकराच्या आत निघा. नंतर माझा घोडा पण येणार नाय." हे वाक्य कुठल्याही पाटीपेक्षा जास्त भरवशाचं. कारण पाणी चढतं ते सारख्या वेगाने नाही. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात एकूण चढाचा जेमतेम बारावा हिस्सा येतो, माणसाला वाटतं काही बदललंच नाही. मग तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. शिवाय ते समोरून लाटेसारखं येत नाही. किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या सखल पट्ट्यात बाजूंनी शिरतं. तटावर फोटो काढणाऱ्याची पाठ त्या पट्ट्याकडेच असते! अडकलात तर एकच करायचं: किल्ल्यावरच थांबायचं. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, पुढची ओहोटी येणारच आहे. "कंबरेएवढंच तर आहे" म्हणून पाण्यात उतरणारे जीव धोक्यात घालतात.

दुपारी काशीद. पांढरी वाळू, सुरूची झाडं, नारळपाणी. अलिबागचा किनारा सपाट आणि काळसर, इथे मात्र उतार जास्त, लाट अंगावर फुटते. पण लाटेची भीती कमी आणि लाटांच्या मधल्या गप्प पाण्याची जास्त बाळगावी. लाटांनी किनाऱ्यावर ढकललेलं पाणी कुठून तरी परत जायला हवं. पाण्याखाली वाळूचे बांध असतात, त्यांत जिथे खिंड पडलेली असते तिथून ते सगळं जोराने आत ओढलं जातं. वरून तो पट्टा कसा दिसतो? डावी-उजवीकडे पांढऱ्या लाटा फुटताहेत आणि मधेच दहा-वीस मीटर पाणी गडद, गुळगुळीत, शांत. कधी त्यातून फेस किंवा गढूळ रेघ समुद्राकडे सरकताना दिसते. लहान मुलांना घेऊन आलेलं कुटुंब नेमकी तीच "शांत" जागा निवडतं. भाचरांना मी आधी वीस मिनिटं उंचावर बसवून फक्त बघायला लावलं. कुरकुरली, पण मग तसा एक पट्टा त्यांनीच दाखवला.

ही ओढ जोरात असते तेव्हा सेकंदाला दोन मीटरच्याही वर जाते, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याचाही टिकाव लागत नाही. म्हणून सरळ किनाऱ्याकडे हात मारत बसू नये, दम तिथेच संपतो. ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. पाठीवर तरंगा, हात वर करून मदत मागा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून आधी त्या पट्ट्याच्या बाहेर पडा. मग लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे आणतील.

काशीदवरून मुरूडला आलो तेव्हा समुद्र अगदी गरीब दिसत होता. याच किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. महिना फेब्रुवारी होता, पावसाळा नव्हता, हे मुद्दाम लिहितोय. "आता काय, समुद्र शांत आहे" हे वाक्य कोकणात नोव्हेंबर ते मे सगळीकडे ऐकू येतं. मुरूडसारख्या सपाट किनाऱ्यावर घोटाभर पाण्यातून माणूस बोलत बोलत फार आत जातो. वळून पाहिलं तर चपला कुठे ठेवल्या ते दिसत नाही. आम्ही ठरवलं होतं, कंबरेच्या वर कोणी जाणार नाही आणि एक जण कायम कोरडा, किनाऱ्यावर. तो मोबाइलवर नाही, माणसांवर लक्ष ठेवणार.

आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने गाडीसकट उतरलो, मुक्काम श्रीवर्धन. दुसऱ्या दिवशी षष्ठी, ओहोटी सव्वादहाच्या पुढे, म्हणून हरिहरेश्वरची प्रदक्षिणा साडेनऊला सुरू केली. या वाटेची खरी गंमत आणि खरा धोका एकच. देवळामागून चढून गेलं की दोन कड्यांच्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्या थेट समुद्रात उतरल्यासारख्या खाली जातात, आणि मग लाटांनी जाळीदार कोरलेल्या खडकांवरून डोंगराला वळसा घालून देवळाशी परत. ओहोटीत ही वाट अप्रतिम आहे. भरतीत ती वाट राहतच नाही. खडकांवर शेवाळ असतं, एका बाजूला कडा, दुसरीकडे समुद्र, आणि पळायला जागा नाही. इथे लक्षात ठेवायची खूण म्हणजे ओला खडक. जिथवर खडक काळा-ओला आहे तिथवर लाट नुकतीच येऊन गेलेली आहे. तिथे उभं राहून सेल्फी काढायचा नाही, पाचदहा मिनिटं लाट आली नसली तरीही. लाटा सारख्या उंचीच्या नसतात, मधूनच एखादी दुप्पट येते. आत्याला आम्ही फक्त पायऱ्यांपर्यंत नेलं. "देव काय मोजायला बसलाय का," म्हणाली आणि वर मजेत बसली.

बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा तीन फेऱ्यांनी खाली उतरत गेलो. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा, नाहीतर खाडीला मोठा वळसा पडतो. गुहागरला फक्त जेवण आणि संध्याकाळ. तिथे ओल्या वाळूत नेलेली एक एसयूव्ही चाकं रुतून बसलेली आणि भरती चढत चाललेली. ओहोटीत वाळू सिमेंटसारखी घट्ट वाटते, गाडी थांबली की रुतायला लागते. गावातला ट्रॅक्टर आला, पैसे ठरले, गाडी निघाली. करमणूक म्हणून बरं, पण किनाऱ्यावर गाडी नेणाऱ्यांबद्दल मला यत्किंचितही सहानुभूती नाही.

गणपतीपुळ्याचा समुद्र सगळ्यांत फसवा, हे माझं मत. देऊळ अगदी वाळूला लागून, त्यामुळे दर्शनाआधी स्नान म्हणून पोहता न येणारेही उतरतात, साडी आणि जीन्ससकट. भिजलेल्या कपड्यांचं वजन लाटेत उभं राहू देत नाही. दोन पावलांत पाणी घोट्यावरून छातीला येतं अशा जागा आहेत, आणि वाळू हलते तशा त्या बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नये. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना "आज कुठे उतरू?" असं सरळ विचारा. आनंदाने सांगतात, कोणी विचारत नाही एवढंच.

कोणी बुडताना दिसलं तर हातात हात धरून साखळी करत आत जाऊ नका. एकामागून एक बुडण्याचं ते मोठं कारण आहे. पाच लिटरचा रिकामा पाण्याचा कॅन, झाकण घट्ट लावून, दोरी बांधून फेका. आम्ही तो डिकीतून सोबत नेला होता. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, कारण तोंड पाण्याबाहेर येतं तेवढ्यात तो श्वास घेत असतो. बाहेर काढलेल्याचा श्वास चालत नसेल तर उलटं टांगणं, पोट दाबणं यात वेळ घालवू नका. तोंडाने श्वास द्या, छातीवर दाब सुरू करा, दुसऱ्याला १०८ किंवा ११२ लावायला सांगा.

शेवटी आरे-वारे. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे जाणारा हा सागरी रस्ता कोकणातल्या सर्वांत देखण्या रस्त्यांपैकी एक. वरून खालचा किनारा बोलावतो. जुलै २०२५ मध्ये एकाच कुटुंबातले चौघे इथे बुडाले. जून ते सप्टेंबर या किनाऱ्यांवर कुठेच पाण्यात उतरू नये. पावसाळ्यात गेलात तर वरच्या वळणावर गाडी बाजूला लावून बघा, भजी खा, पुढे निघा. आम्ही हिवाळ्यातही तेवढंच केलं, कारण सप्तमीची भरती चढत होती आणि खाली जीवरक्षक दिसत नव्हता.