तुम्ही विचारलंत म्हणून: अजून रोलच का?

‘काका, खिशात इतका चांगला मोबाईल असताना तुम्ही अजून कॅमेऱ्यात फिल्मचा रोल का भरता?’ हा प्रश्न मला बसस्थानकावर, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि स्वतःच्या घरातही विचारला गेला आहे. विचारणाऱ्याप्रमाणे मी उत्तर बदलत आलो. त्यांतले एकही उत्तर खोटे नव्हते, पण पुरेसेही नव्हते.

मोबाईलशी माझे वैर नाही, हे आधी सांगतो. ई-पीक पाहणीसाठी कपाशीचा फोटो मी बांधावर उभा राहून मोबाईलनेच काढतो, आणि पावसाने पिकाची नासाडी झाली की 72 तासांच्या आत विम्याची सूचना द्यावी लागायची, तेव्हा तीही त्याच्यावरूनच देत असे. रोल महाग पडतो असे तुम्ही म्हणता, तेही खरे आहे. 120 नंबरच्या एका रोलच्या किमतीत घरचे महिन्याचे तेल येते आणि माझ्या यशिका मॅट कॅमेऱ्यात त्या रोलवर फोटो निघतात बारा. हे गणित मला कळते, आणि ते दर वेळी नव्याने ऐकवले गेले की वाईटही वाटते.

एके काळी मी या प्रश्नावर तावातावाने बोलत असे. 2012 मध्ये रोल बनवणाऱ्या कोडॅक कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ज्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ रोलवर मी हात बसवला, तो कारखानाही पुढे बंद झाला. त्या काळात मी सांगत सुटलो होतो की चांदीच्या कणांवर उमटते तेच चित्र, बाकी सगळे नुसते आकडे. पुढे 2018 मध्ये कोडॅकची एक्टाक्रोम फिल्म पुन्हा बाजारात आली, 2024 मध्ये पेंटॅक्सने रोलवर चालणारा नवा कॅमेरा काढला, आणि नागपूर-पुण्याची मुले माझ्याकडे जुन्या आग्फा क्लिक कॅमेऱ्याची चौकशी करू लागली. ती पोताविषयी, कणांविषयी, रंगांच्या उबेविषयी बोलतात. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या तोंडून माझेच जुने बोलणे ऐकताना ते मला पोकळ वाटले. तसा पोत आता मोबाईलही आणून देतो. तेवढ्याचसाठी मी रोल वापरत असतो, तर कधीच थांबलो असतो.

माझे कारण 1989 च्या मे महिन्यातले आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी, मोठ्या आईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकूच्या, नातीचे लग्न होते. मोठ्या आईचा त्या दिवसापर्यंत एकही फोटो निघालेला नव्हता. मतदार ओळखपत्रे 1993 नंतरची, त्यामुळे सरकारी कामासाठीसुद्धा तिला कधी कॅमेऱ्यासमोर बसावे लागले नव्हते. भिंतीवर फोटो गेलेल्या माणसाचा लागतो, मी अजून आहे, असे ती म्हणायची. हळदीच्या दिवशी मात्र तिने स्वतःच मला हाक मारली. ठेवणीतले लुगडे नेसून, केस विंचरून ती अंगणातल्या कडुनिंबाखाली पाटावर येऊन बसली. माझ्याकडे बडोद्याला बनलेला क्लिक थ्री होता. मागच्या लाल खिडकीत आकडा पाहून मी रोल फिरवायचो, आणि प्रत्येक वेळी ती विचारायची, ‘अजून किती राहिले रे बापू?’ बाराच्या बारा फोटो मी तिचेच काढले. उठताना ती म्हणाली, ‘मले आजच दाखवजो. लगन आटोपलं की सारे पांगतेत.’

रोल रात्री धुवायचा, हे मला माहीत होते. मी तो दुपारी दोन वाजता धुवायला घेतला.

धान्याच्या कोठीचे दार घोंगड्यांनी बंद केले आणि वरच्या तापलेल्या टिनाखाली बसलो. माठांतले पाणी पाहुण्यांनी संपवले होते, म्हणून टाकीचे घेतले. थर्मामीटर 37 अंश दाखवत होता आणि डी-76 या रोल धुण्याच्या रसायनाच्या कागदावर 20 अंश लिहिलेले होते. गरम पाण्यात रसायन वेगाने काम करते हे मी वाचले होते, त्यामुळे वेळ निम्म्याहून कमी केला आणि आपण हिशेब चुकवला नाही याचे मला समाधान वाटले. हिशेब खरोखरच चुकला नव्हता. हायपोतून, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणातून, रोल बाहेर काढला तेव्हा बाराही चौकोनांत ती स्पष्ट बसलेली होती. उलट्या छायेतसुद्धा कपाळावरचे गोंदण ओळखू येत होते. तेवढे पाहून मी, नेहमीच्या सवयीने, पाणी निथळावे म्हणून दोन बोटांच्या चिमटीत फिल्म धरून वरून खाली ओढली.

चांदी ज्या जिलेटिनमध्ये बसलेली असते ते इतक्या गरम पाण्यात फुगून मऊ पडते, याचा विचार मी केलाच नव्हता. तुरटी घातलेल्या हायपोने ते घट्ट होते. तुरटी घरातच, बाबांच्या दाढीच्या सामानात होती. माझ्या बोटांखाली तापल्या दुधावरच्या सायीसारखा तो थर सरकला आणि सुरकुतून खाली जमा झाला. मागे स्वच्छ, पारदर्शक पट्टी उरली. शेवटच्या चौकोनाच्या कडेला पाटाचा एक कोपरा आणि तिच्या पायाची बोटे तेवढी वाचली.

मी बाहेर येऊन तिला खरे ते सांगितले. पुन्हा बसशील का, असेही विचारले. ती म्हणाली, ‘एक वेळ बसली नं, झालं आता.’ त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ती गेली.

म्हणजे मोबाईलच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा माझ्याच पेटीत, त्या पट्टीच्या रूपाने पडलेला आहे. तेव्हा मोबाईल असता तर मोठी आई आज भिंतीवर असती, हे मी नाकारत नाही. तरीही मला वाटत राहते की मोबाईल असता तर तिला कोणी चुलीपुढे, न विचारता, जाता जाता टिपले असते. ती लुगडे बदलून आली नसती, आणि किती राहिले म्हणून मोजत बसली नसती. बारा फोटो मोजके असल्यामुळे आम्ही दोघेही त्या कडुनिंबाखाली पूर्णपणे होतो. तसे बसणे आणि बसवणे मला रोलशिवाय जमत नाही. मोबाईल हातात घेतला की मी समोरच्या माणसाकडे न बघता आलेला फोटो बघत राहतो. तुमचे तसे होत नसेल. यावर माझा चुलतभाऊ म्हणतो, ‘तुझी आठवण तुझ्यापाशी, आम्ही भिंतीवर काय लावावं?’ त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते शोधल्याचा आवही मी आणणार नाही.

तेव्हापासून उन्हाळ्यात मी पहाटे चारला उठून, रात्रभर बाहेर ठेवलेल्या माठाच्या पाण्यात रोल धुतो. आमच्याकडची हवा कोरडी असल्यामुळे माठ चांगला गार होतो. हायपोत तुरटी असते आणि ओल्या फिल्मला मी बोट लावत नाही.

गेल्या वर्षी, त्या लग्नातली नवरी, माझी पुतणी, माहेरी आली होती. आता तीही पन्नाशीच्या पुढे गेली आहे. ‘काका, माझा एक चांगला फोटो काढून ठेवा,’ म्हणाली, आणि मग थोडे थांबून, ‘मोबाईलवरही काढा,’ असे म्हणाली. मी दोन्ही काढले. मोबाईलचा तिला तिथेच पाठवला. रोलवरचा नीट आला. तो मोठा करून पंधरा दिवसांनी तिच्या गावी नेऊन दिला. तिने दोन्ही ठेवून घेतले. पुढे कोणता लावायचा ते मुलांना सांगून ठेवले आहे, असे ती म्हणाली. कोणता, हे मी विचारले नाही.