गोळे-काड्यांपासून हलत्या रेणूंपर्यंत : आमची वाटचाल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या गाळ्यात वडील महाविद्यालयांसाठी प्लास्टिकच्या रेणूंचे संच तयार करीत असत. काळा गोळा कार्बनचा, लाल ऑक्सिजनचा, निळा नायट्रोजनचा. साच्यात कार्बनच्या भोकांमधला १०९.५ अंशांचा कोन जरा चुकला की सहा कार्बनचे कडे जुळत नसे, आणि अशा गोळ्यांची टोपली वेगळी काढण्याचे काम शाळेतून आल्यावर माझ्याकडे येई.

या संचांतील उणीव एका प्राध्यापिकाबाईंनी बोलून दाखवली. खरा रेणू सतत थरथरत, वळत असतो, आमचा मात्र कपाटात ठेवला तसा राहतो. मग औषध प्रथिनाच्या खाचेत शिरते कसे, हे मुलांना दाखवायचे तरी कशाने? मी तेव्हा संगणकाची नोकरी सोडून गाळ्यात आलो होतो. २०१८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी चालू सिम्युलेशनमधला, म्हणजे संगणक गणित करून हलवत असलेला, रेणू व्हीआरमध्ये (डोळ्यांवर हेडसेट लावून दिसणाऱ्या आभासी जगात) हाताने धरून ओढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कार्बनच्या नळीतून मिथेन ओवणे, सर्पिल रेणूचा पीळ उलटा करणे आणि प्रथिनाच्या साखळीला गाठ मारणे ही कामे त्यांनी लोकांना माऊस, टचस्क्रीन आणि व्हीआर अशा तिन्ही साधनांनी करायला दिली होती; व्हीआरचा फायदा गाठ मारताना विशेष दिसला. त्यांची नारुपा ही प्रणाली सर्वांना मोफत खुली असल्यामुळे आमच्यासारख्यांना त्यात शिरता आले.

पहिले प्रात्यक्षिक महापे येथील एका कंपनीत झाले आणि ते पुरते फसले. आमच्या हेडसेटची जागा कोपऱ्यांतील दोन ठोकळ्यांमधून फिरणाऱ्या अवरक्त लेसरवरून ठरत असे, आणि त्या बैठकीच्या खोलीला तीन बाजूंनी काचा होत्या. परावर्तनामुळे प्रथिन उड्या मारू लागले व साहेबांना गरगरले. तेव्हापासून आमच्या सामानात काळ्या कापडाचे तागे असतात. त्यानंतर कोरोना आला. दुसऱ्याने घातलेला हेडसेट डोळ्यांना लावायला कोण तयार होणार? तो काळ आम्ही प्लास्टिकच्या संचांवरच काढला.

आता आमचे नेहमीचे प्रात्यक्षिक ट्रिप्सिन या विकराचे, म्हणजे पचनाला मदत करणाऱ्या प्रथिनाचे, असते. त्याच्या खोल खाचेत बेन्झामिडीन हा छोटा रेणू बसलेला असतो. त्याचे धनभारित टोक तळाशी असलेल्या प्रथिनाच्या एका घटकाच्या, म्हणजे अ‍ॅस्पार्टेटच्या ऋणभाराने धरून ठेवलेले असते. नवखा माणूस तो सरळ खेचतो, तर भोवतालचे प्रथिनच ताणले जाते, आणि जोर फारच लावला तर गणित कोलमडून अणू दाही दिशांना उडतात. हातातल्या कंट्रोलरला वजन येत नाही, तरीही रेणू मागे राहिलेला दिसताच माणसे दातओठ खातात. जो हलकेच डोलवत वाट शोधतो, त्याचा रेणू काही मिनिटांत बाहेर येतो. प्रत्यक्षात हा रेणू मिलिसेकंदाच्या घरात खाचेत टिकतो. ऐकायला हा काळ क्षुल्लक वाटतो, परंतु दोन-दोन फेम्टोसेकंदांच्या (एक फेम्टोसेकंद म्हणजे मिलिसेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) पावलांनी एक मिलिसेकंद गाठायचा तर संगणकाला पन्नास हजार कोटी पावले टाकावी लागतात. हाताने ओढण्याचा उपयोग आहे तो या ठिकाणी.

वडिलांना मात्र सायक्लोहेक्झेन, म्हणजे सहा कार्बनच्या कड्याचा रेणूच, हवा होता. खुर्चीच्या आकाराचे ते कडे त्यांनी दोन्ही हातांनी धरून नावेच्या आकारात वळवले, सोडले, पुन्हा वळवले आणि कोन तपासायची सोय आहे का, असे विचारले. नव्हती, पुढच्या महिन्यात आम्ही ती केली, आणि आज शिक्षकांना तीच अधिक आवडते.

औषध कंपन्यांकडून काम घेताना आम्ही एक अट लेखी घालतो. हाताने ओढताना बाहेरून बळ लावलेले असते, त्यामुळे त्या ओढण्यावरून औषध किती घट्ट बसते याचा आकडा आम्ही देत नाही. सापडलेली वाट फाइलमध्ये देतो आणि मुक्त ऊर्जेचे, म्हणजे औषध किती घट्ट बसते ते सांगणाऱ्या ऊर्जेचे, गणित त्यांच्या तज्ज्ञांनी त्या वाटेवरून स्वतंत्रपणे करायचे असते. या अटीमुळे दोन कामे हातची गेली. तिसऱ्या कंपनीने अट वाचून आधी त्यांच्या गणिताच्या माणसालाच गाळ्यात पाठवले, आणि तो दुपारचा आला तो दिवेलागणीपर्यंत ट्रिप्सिनपाशीच होता.